घरातली बंदूक कुणाच्या जिवावर उठते?

गेल्या महिन्यात बर्डीच्या माझ्या दवाखान्यात एक काका आले. वय सत्तरीच्या आसपास, सरकारी नोकरीतून निवृत्त, रक्तदाबाची गोळी नियमित घेणारे. मुलगी टेक्सासला असते. तिच्याकडे तीन महिन्यांसाठी जायचं होतं म्हणून तपासणी करून घ्यायला आले होते. रक्तदाब ठीक होता, साखर ठीक होती. तरी खुर्चीवरून उठेनात.

"डॉक्टर, एक विचारू का? हसू नका जी. नातू पहिलीत आहे. त्याला शाळेत शिकवतात म्हणे, की बंदूकवाला आला तर दिवे बंद करून कोपऱ्यात गप्प बसायचं. आणि पोरीने परवा काय केलं, तर नातवाच्या मित्राच्या आईला फोन करून विचारलं, तुमच्या घरी बंदूक आहे का, असेल तर कुलपात आहे का? मला तर ऐकूनच ओशाळल्यासारखं झालं. असं कुणी कुणाला विचारतं का?"

मी म्हटलं, "काका, तुमच्या मुलीने अगदी योग्य केलं. तिथले बालरोगतज्ज्ञ पालकांना हाच सल्ला देतात. घरात कुत्रा चावरा आहे का, पोहण्याच्या तलावाला कुंपण आहे का, तसाच हा प्रश्न."

काका समाधानाने गेले. मला मात्र त्या प्रश्नाने स्वस्थ बसू दिलं नाही. त्याचं कारण पुढे सांगतोच. पण आधी हा विषय आरोग्याच्या सदरात कसा, ते पाहू.

डॉक्टरच्या नजरेतून बंदूक

अमेरिकेतल्या गोळीबाराच्या बातम्या आपण वाचतो त्या शाळेतल्या, मॉलमधल्या. आपल्या मनात चित्र असतं ते अनोळखी माथेफिरूचं. आकडे वेगळी गोष्ट सांगतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या नोंदींनुसार २०२३ साली तिथे बंदुकीने ४६,७२८ माणसं मेली. दिवसाला सरासरी १२८. यातले निम्म्याहून जास्त, सत्तावीस हजारांवर मृत्यू हे आत्महत्या होत्या. म्हणजे बंदुकीने मरणाऱ्या दर दहांपैकी जवळजवळ सहा जणांचा जीव त्यांच्याच हातून गेला. उरलेल्यांत बहुतेक खून. ज्यांची बातमी सातासमुद्रापार येते ते सामूहिक गोळीबार या एकूण आकड्यातला फार लहान भाग आहेत.

आणखी एक नोंद पालक म्हणून हादरवणारी आहे. २०२०पासून तिथे १ ते १९ या वयोगटात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे. त्याआधी कित्येक वर्षं ते वाहनांचे अपघात होतं. सीटबेल्ट, एअरबॅग, मुलांची खास आसनं, दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्धचे कायदे यांनी अपघाती मृत्यू खाली आणले. बंदुकीच्या बाबतीत तसं झालं नाही.

कारण बंदुका आहेतच तेवढ्या. 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संस्थेने २०१७ सालासाठी केलेल्या अंदाजानुसार अमेरिकेत सामान्य नागरिकांकडे ३९ कोटींच्या वर बंदुका होत्या. शंभर माणसांमागे १२०. भारतात हाच अंदाज शंभरामागे पाच-साडेपाचचा, आणि त्यातल्याही बहुसंख्य विनापरवाना.

मग कायदा का होत नाही?

हा प्रश्न आपल्याला सोपा वाटतो, तिथे तो सोपा नाही. १७९१ साली त्यांच्या राज्यघटनेत झालेली दुसरी दुरुस्ती शस्त्र बाळगण्याचा हक्क देते. हा हक्क व्यक्तीचा की नागरी सैन्यदलाचा, यावर दोन शतकं वाद चालला. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा आहे, घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवता येईल, असा निकाल दिला. २०२२ साली घराबाहेरही ती जवळ बाळगण्याचा हक्क मान्य केला. ज्यांना बंदूक हवी आहे त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. शेतावर एकटं घर, पोलीस पोहोचायला अर्धा तास, अशा वेळी मी माझ्या बायकामुलांना कसं वाचवायचं? कायदा पाळणाऱ्याची बंदूक काढून घेतली तर गुंडाकडची जाणार आहे का? हे त्यांचे प्रश्न.

दुसरी बाजू म्हणते, हक्क मान्य. पण विक्रीला चाळण हवी. तिथे परवानाधारक दुकानदाराला ग्राहकाची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासावी लागते. हा नियम १९९३च्या ब्रॅडी कायद्याने आला. पण कुणी खासगी माणूस आपली बंदूक दुसऱ्याला विकत असेल, तर अनेक राज्यांत ही तपासणी लागत नाही. २०२२ साली जवळजवळ तीन दशकांनंतर केंद्रीय पातळीवर मोठा कायदा झाला. त्याने २१ वर्षांखालच्या खरेदीदाराची जास्त कसून तपासणी सुरू केली. बाकी प्रत्येक राज्याचा कायदा निराळा.

या भांडणात सर्वांत आधी विज्ञानाचा आवाज बसला. १९९३ साली आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घरात बंदूक असेल तर त्या घरात खून होण्याचा धोका कमी नव्हे, उलट सुमारे पावणेतीन पट जास्त आढळला, आणि मारणारा बहुधा घरचा किंवा ओळखीचा. अभ्यासाला पैसा सीडीसीचा होता. बंदूकसमर्थक संघटना खवळल्या. १९९६ साली आर्कान्साचे खासदार जे डिकी यांच्या नावाने एक कलम आलं. सीडीसीचा पैसा बंदूक नियंत्रणाच्या प्रचाराला वापरायचा नाही. त्याच वेळी या संशोधनाएवढी, म्हणजे २६ लाख डॉलरची रक्कम दुसरीकडे वळवली गेली. संशोधनावर बंदी असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. पण अधिकाऱ्यांना इशारा कळला. वीसेक वर्षं या विषयाला सरकारी पैसा जवळपास मिळाला नाही. पुढे २०१२ साली स्वतः डिकी यांनीच, संशोधन थांबायला नको होतं, अशी जाहीर भूमिका घेतली. निधी पुन्हा सुरू झाला तो थेट २०१९च्या अखेरीस, डिकी यांच्या मृत्यूनंतर.

आपल्या नागपूरचा शस्त्रकायद्याचा वाद

हे सगळं परक्यांचं, असं नागपूरकराने तरी म्हणू नये. शस्त्र बाळगण्याच्या हक्कासाठी या शहराने एकदा तुरुंग भरले आहेत.

बर्डीचा किल्ला आपण रोज पाहतो. नोव्हेंबर १८१७मध्ये या टेकड्यांवर भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज यांची लढाई झाली, भोसले हरले. पुढे १८७८ साली इंग्रजांनी शस्त्रकायदा आणला. भारतीय माणसाला शस्त्र ठेवायचं तर परवाना हवा, आणि मूळ कायद्यात युरोपियनांना त्यातून सूट. नि:शस्त्र केलेली जनता म्हणजे गुलाम जनता, ही भावना त्या कायद्याविरुद्ध देशभर होती. १९२७ साली नागपूरचे मंचरशा आवारी यांनी त्याविरुद्ध सत्याग्रह पुकारला. बंगालमधल्या राजबंद्यांची सुटका ही त्यांची मागणी होती. कायदा मोडण्यासाठी स्वयंसेवक उघड तलवारी घेऊन नागपूरच्या रस्त्यांवरून निघत. आवारींना शिक्षा झाली, तुरुंगात त्यांनी दीर्घ उपोषण केलं. लोक त्यांना 'जनरल आवारी' म्हणू लागले ते कायमचे.

गांधीजींना मात्र हे पटलं नाही. हातात तलवार आणि तोंडी सत्याग्रह हे एकत्र कसं जाईल, हा त्यांचा सवाल. आज व्हरायटी चौकात गांधीजींचा पुतळा आहे आणि जवळच टेकडीवर किल्ला. शस्त्र हा हक्क की जोखीम, या वादाच्या दोन्ही बाजू आपल्या बर्डीने जवळून पाहिलेल्या आहेत.

स्वतंत्र भारताने आपला मार्ग ठरवला तो १९५९च्या शस्त्र अधिनियमाने. इथे बंदूक हा हक्क नाही. कारण दाखवलं, चौकशी झाली, तर मिळणारी परवानगी आहे. अर्जदार २१ वर्षांचा हवा. परवाना जिल्हाधिकारी देतात, नागपूरसारख्या शहरात पोलीस आयुक्त. २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतील असं ठरलं आणि लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडणं हा गुन्हा झाला. केंद्रीय गृहखात्याच्या २०१६अखेरच्या आकडेवारीत उत्तर प्रदेशात पावणेतेरा लाख परवाने होते, महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार. आपलं राज्य या बाबतीत संयमी म्हणायला हवं.

परवाना होता, तरीही

पण संयमी राज्यातही परवान्याच्या बंदुकीने काय होतं, ते आठवून पाहा.

२२ एप्रिल २००६. मुंबईत वरळीच्या घरी सकाळी भाऊ भावाला भेटायला आला. बोलणं वाढलं, आणि प्रवीण महाजन यांनी आपल्या परवान्याच्या पिस्तुलातून प्रमोद महाजन यांच्यावर गोळ्या झाडल्या. डॉक्टरांनी बारा दिवस झुंज दिली. ३ मे रोजी महाजन गेले. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी दहिसर परिसरात माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा फेसबुक लाइव्ह चालू असताना खून झाला आणि मारणाऱ्याने नंतर स्वतःला संपवलं. पिस्तूल त्याचं नव्हतं, त्याच्या अंगरक्षकाचं परवान्याचं होतं. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला अभिनेते गोविंदा यांच्या घरी त्यांचंच परवान्याचं रिव्हॉल्व्हर सुटून गोळी पायात घुसली. पहाटेची वेळ, बाहेरगावी निघण्याची घाई. सुदैवाने निभावलं.

एक घरातला वाद, एक दुसऱ्याचं शस्त्र, एक अपघात. तिन्ही ठिकाणी शस्त्र परवान्याचं होतं. देशात बंदुकीने होणारे बहुतांश खून विनापरवाना कट्ट्यांनी होतात हे खरं, आणि त्यांचा बंदोबस्त पोलिसांनीच करायचा. पण परवाना म्हणजे सुरक्षितता नव्हे. परवाना माणसाचं चारित्र्य एका दिवशी तपासतो. राग, दारू, नैराश्य पुढच्या पाच वर्षांत केव्हाही येऊ शकतात.

ती दहा मिनिटं

इथे विज्ञानाचा सर्वांत महत्त्वाचा धडा येतो. टोकाची कृती करणारा माणूस महिनोन् महिने थंड डोक्याने ठरवून करतो, असा आपला समज असतो. पुष्कळदा तसं नसतं. टोकाची लाट तीव्र असते आणि लवकर ओसरते. कधी काही तासांत, कधी काही मिनिटांत. त्या वेळात हाताशी काय आहे, यावर जीव राहणार की जाणार हे ठरतं. बंदूक असेल तर दुसरी संधी क्वचितच मिळते. आणि संधी मिळाली तर? आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्यांवर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा सांगतो की त्यांतले दहापैकी नऊहून अधिक जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. 'आज अडवलं तर उद्या करेलच' हे आपलं वाक्य शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही.

याचं स्वच्छ उदाहरण इस्रायलच्या सैन्यातलं आहे. तिथले तरुण सैनिक सुट्टीला घरी जाताना रायफल सोबत नेत. २००६ साली नियम बदलला. आठवड्याच्या सुट्टीला घरी जाताना शस्त्र छावणीत ठेवायचं. सैनिकांच्या आत्महत्या ४० टक्क्यांनी घटल्या, आणि घट झाली ती सुट्टीच्या दिवसांतली. सैनिक तेच, ताण तोच. फक्त ती वाईट वेळ आली तेव्हा रायफल घरात नव्हती.

अमेरिकेतही काही उत्तरं मिळू लागली आहेत. खरेदीआधी परवाना सक्तीचा करणाऱ्या कनेटिकट राज्यात १९९५नंतर बंदुकीचे खून घटल्याचं अभ्यासकांना दिसलं. तशीच अट २००७ साली काढून टाकणाऱ्या मिसुरीत ते वाढल्याचं. मात्र राज्याराज्यांत इतर गोष्टीही बदलत असतात, त्यामुळे या निष्कर्षांवर वाद होतो आणि तो व्हायलाही हवा. सर्वांत भक्कम पुरावा एका साध्या गोष्टीचा आहे. लहान मुलांच्या हाती बंदूक लागेल अशी ठेवल्यास मालकाला जबाबदार धरणारे कायदे जिथे आहेत, तिथे मुलांच्या आत्महत्या आणि अपघाती मृत्यू कमी होतात. म्हणजे काकांच्या मुलीचा प्रश्न: "कुलपात आहे का?"

विदर्भाची बंदूक वेगळी आहे

आता म्हणाल, आपल्या घरात कुठे बंदूक आहे? नाही. पण विदर्भातल्या कितीतरी घरांत कोपऱ्यात कीटकनाशकाचा डबा आहे. नापिकी, कर्ज, घरातलं भांडण, आणि हाताशी तो डबा. कर्जाचं आणि भावाचं उत्तर शासनाला द्यावंच लागेल, ते या सदरात सुटणार नाही. पण हाताशी असलेलं साधन दूर करणं हा उपाय इथेही तितकाच लागू पडतो, आणि त्याचा पुरावा अमेरिकेपेक्षा जवळचा आहे. श्रीलंकेने १९९५पासून सर्वांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. पुढच्या दोन दशकांत तिथला आत्महत्यांचा दर सुमारे ७० टक्क्यांनी उतरला. पिकाचं उत्पादन त्यामुळे घटल्याचं आढळलं नाही.

टेक्सासमधली बंदुकीची तिजोरी आणि यवतमाळच्या शेतघरातली कुलूपबंद पेटी ही एकाच औषधाची दोन रूपं आहेत.

माझी सही

आता माझ्या अस्वस्थतेचं कारण. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार परवान्यासाठी अर्जदाराच्या शारीरिक आणि मानसिक आरोग्याचं डॉक्टरी प्रमाणपत्र लागतं. काही वर्षांपूर्वी एक ओळखीचे व्यावसायिक त्यासाठी माझ्याकडे आले. मी डोळे तपासले, रक्तदाब पाहिला, दोन-चार प्रश्न विचारले आणि सही केली. पाच मिनिटंही लागली नसतील. वर्षभराने त्यांच्या पत्नी आल्या, झोप लागत नाही म्हणून. बोलता बोलता म्हणाल्या, "डॉक्टर, धंद्यात खोट आली तेव्हापासून हे रात्री पितात. कपाट उघडून बसतात. मला त्या कपाटाची भीती वाटते."

त्या कपाटात जे होतं, त्याच्या कागदावर माझी सही होती. मी प्रमाणपत्र देताना त्यांना दारूबद्दल विचारलं होतं. घरच्यांना काहीच विचारलं नव्हतं.

त्या दिवशी मी घरच्यांच्या संमतीने त्यांना बोलावून घेतलं. आधी रागावले. मग बराच वेळ गप्प बसले. मी एवढंच म्हटलं, "परवाना जाऊ द्या असं मी म्हणत नाही. सहा महिने ते घरात नको." परवानाधारकाला आपलं शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा ठेवता येतं. निवडणुकीच्या काळात कितीतरी लोक ठेवतातच; त्यात कुणाची अब्रू जात नाही. त्यांनी ठेवलं. मानसोपचार तज्ज्ञांकडे उपचार सुरू झाले. आज ते बरे आहेत. शस्त्र त्यांनी परत आणलेलंच नाही.

तेव्हापासून असं प्रमाणपत्र मागायला कुणी आलं, तर मी घरातल्या एका माणसाला सोबत आणायला सांगतो. काही जण परत येत नाहीत. चालेल.

आपण काय करू शकतो?

घरात परवान्याचं शस्त्र असेल तर ते रिकामं करून कुलपात ठेवा, गोळ्या वेगळ्या जागी वेगळ्या कुलपात ठेवा, आणि किल्ली मुलांना माहीत असलेल्या जागी ठेवू नका. मुलांना जागा माहीत नाही असं आईवडिलांना वाटतं. मुलांना ती बहुतेक वेळा माहीत असते.

घरात कुणी खचलं असेल, दारू वाढली असेल, घटस्फोट, कर्ज, कोर्टकचेरी चालू असेल, तर तेवढ्या काळापुरतं शस्त्र घराबाहेर जमा करा. शेतीच्या औषधांचंही तसंच. गरजेपुरतंच आणा, पेटीला कुलूप लावा, किल्ली घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या.

परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आजी-आजोबांनी नातवाला खेळायला दुसऱ्या घरी पाठवण्याआधी तो प्रश्न विचारायला लाजू नये. विचारताना आवाज खाली ठेवला, तर समोरचा बहुधा रागावत नाही.

आणि कुणाच्या बोलण्यात 'आता जगून काय करायचं' असं आलं, तर विषय बदलू नका. सरळ विचारा, ऐका, एकटं सोडू नका. विचारल्याने कल्पना डोक्यात येत नाही. उलट ओझं हलकं होतं. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतही उपलब्ध आहे.

परवा काकांचा टेक्सासहून फोन आला. नातवाला शेजारच्या मित्राकडे खेळायला जायचं होतं आणि मुलगी ऑफिसात होती. "मीच विचारलं जी डॉक्टर, माझ्या मोडक्या इंग्रजीत," काका म्हणाले. "तो माणूस हसला नाही. उलट मला आत नेऊन तिजोरी दाखवली. कुलूप ओढून पाहिलं मी, पक्कं होतं. मग पाठवलं पोराला."